गाडी कोण चालवत होतं?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. भाऊबंदकी, शेताचा बांध, वरच्या मजल्यावरून होणारी गळती, असल्या भांडणांत दोन-दोन पिढ्या खर्ची पडलेली घरं प्रत्येकाने पाहिलेली असतात. पण या म्हणीचा मला सगळ्यात घातक वाटणारा उपयोग एका अगदी साध्या प्रसंगात होतो. घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने गाडी काढली, रस्त्यात कुणाला तरी धक्का लागला, जीव कुणाचा गेला नाही, आणि मोठ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की हे प्रकरण पुढे जाऊ द्यायचं नाही. अपघाताचं नुकसान तेवढ्यावर थांबलं असतं. पुढचं सगळं या ठरवण्यातून होतं.

धरून चाला, की नाशिकमध्ये रविवारी सकाळी बारावीतल्या एका मुलाने फ्रिजवर ठेवलेली चावी उचलली. वडील आंघोळीला गेले होते. कॉलनीच्या वळणावर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईंना गाडीचा कोपरा लागला आणि त्या हातावर पडल्या. गाडीच्या आरशाची काच तडकली. वडील धावत आले, त्यांनी बाईंना जवळच्या दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, मनगटाला प्लास्टर घातलं, बिल भरलं. इथवर सगळं योग्यच झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 नेमकं हेच सांगतं : जखमीला उपचार मिळवून द्या, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवा, विमा कंपनीला कळवा.

घोळ होतो तो केसपेपर लिहिताना. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? रस्त्यावरचा अपघात म्हटलं की दवाखान्याला मेडिको-लीगल केस नोंदवावी लागते, पोलीस येतात. म्हणून बाईंच्या आधी वडीलच बोलतात, "पाय घसरून पडल्या." डॉक्टर ते लिहून घेतात. बाई काही बोलत नाहीत, कारण बिल समोरचा माणूस भरतोय. दोन दिवसांनी ओळखीच्या एका कार्यकर्त्याला घेऊन वडील त्यांच्या घरी जातात. काही हजार रुपये आणि स्टँपपेपरवर सही : माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. पूर्वी हा कागद शंभर रुपयांच्या स्टँपवर व्हायचा, 2024 च्या ऑक्टोबरपासून पाचशेच्या. मिटलं, म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

यात 'किरकोळ' काय होतं, हे विचारायला हवं. गाडीच्या अंगाने पाहिलं तर आरशाची एक काच. कायद्याच्या अंगाने पाहिलं तर हाड मोडणं, सांधा निखळणं, इतकंच काय दात तुटणंसुद्धा 'गंभीर दुखापत' या व्याख्येत बसतं. जुन्या दंडविधानात तसं होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसंच आहे. दुखापतीमुळे माणूस पंधरा दिवस नेहमीचं कामकाज करू शकला नाही, तरी ती गंभीर धरली जाते. पूर्वी ही मर्यादा वीस दिवसांची होती. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या हाताला सहा आठवडे प्लास्टर, मग बोटं आखडतात, मग फिजिओथेरपी. या काळात धंद्याची जागा दुसरं कुणीतरी धरून बसतं. आपल्या घरातल्या माणसाचा हात मोडला असता तर आपण सुट्टी घेतली असती आणि पगार चालू राहिला असता. किरकोळ हा शब्द नेहमी ज्याची गाडी आहे त्याच्या तोंडी असतो.

तर काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस येते. घरात आकाश कोसळतं. "इतकं करूनही उलटली." "कुणीतरी वकिलाने भरवलंय." या दोन वाक्यांत पुढच्या सगळ्या चुकांचं बीज असतं, म्हणून ती तपासून पाहू.

नोटिशीत अर्जदार त्या बाई असतात आणि सामनेवाले बहुधा तीन : गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी. चालक अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालक. दावा कलम 166 खालचा असतो. हा फौजदारी खटला नव्हे. इथे कुणाला तुरुंगात टाकायचं हा प्रश्नच नसतो. झालेलं नुकसान पैशात किती आणि ते कुणी भरायचं, एवढंच पाहिलं जातं : औषधोपचार, बुडालेली मजुरी, प्रवास, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना, आणि कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर त्याने कमाईत पडणारी तूट. अर्जदार जिथे राहतो तिथेही हा अर्ज करता येतो, त्यामुळे नोटीस दुसऱ्या जिल्ह्यातून आली तर तो काही डावपेच समजू नये. 2022 च्या एप्रिलपासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा कायद्यात आली. म्हणजे महिना-दोन महिने वाट पाहून नंतर दावा लावणारी बाई 'उलटलेली' नसते, ती मुदतीत आलेली असते. आणि पाचशेच्या स्टँपवरची ती सही? न्यायाधिकरणापुढे तिची ढाल फार पातळ. उपचार अर्धवट असताना, वकील सोबत नसताना, बिल भरणाऱ्यानेच लिहून आणलेला कागद म्हणजे काय, हे न्यायाधीशाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. नोटिशीला उत्तर द्यायचं तर गाडी कोण चालवत होतं, हे सांगावं लागतं. इथे बहुतेक घरांत एक बैठक भरते. मामा येतात, कुणाचा तरी मेव्हणा वकिलाकडे कारकून असतो तो येतो, आणि एकमुखाने सल्ला निघतो : वडील चालवत होते असं सांगा. लायसन्स आहे, विमा आहे, कंपनी देईल पैसे, मुलाचं नाव कुठे यायला नको, त्याचं करिअर आहे. पदरी ड्रायव्हर असेल तर आणखी सोपं, तोच उभा केला जातो.

या सल्ल्यामागचं पैशाचं गणित खरं आहे, हे आधी मान्य करू. अल्पवयीन मुलगा विनापरवाना गाडी चालवत असेल तर विमा कंपनी हात वर करते आणि कायदा तिला तसा बचाव देतो. सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या एका महत्त्वाच्या निकालात यातून वाट काढली, ती वकिलांच्या भाषेत 'पे अँड रिकव्हर' म्हणून ओळखली जाते. कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, तेही वेगळा दावा न लावता, त्याच निवाड्याच्या आधारे. 2008 च्या एका प्रकरणात तर वडिलांची गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता म्हणून न्यायालयाने कंपनीला पूर्ण मोकळं केलं. 2011 मधलं आणखी एक प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. घरी आलेल्या अल्पवयीन पुतण्याने न विचारता मोटारसायकलची चावी उचलली, अपघात झाला, आणि मालक म्हणाला की मी परवानगी दिलीच नव्हती. न्यायालयाने ते ऐकलं नाही. चावी सांभाळणं ही मालकाची जबाबदारी होती, वसुली त्याच्याकडूनच होईल, असा निकाल लागला. फ्रिजवरच्या चावीचं उत्तर त्यात आहे.

म्हणजे खरं बोलण्याला किंमत आहे. मध्यमवर्गीय घराला दोन-चार लाखांचा निवाडा म्हणजे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या मुदतठेवीला हात. ही किंमत नाही असं जो लेखक सांगेल तो वाचकाला फसवतो. तरीही मी म्हणतो की ती किंमत द्यावी, आणि त्याचं पहिलं कारण नीतीचं नाही, कायद्याच्या रचनेचं आहे.

आपल्या कायद्याने अल्पवयीन मुलाभोवती जेवढं संरक्षण उभं केलं आहे तेवढं आणखी कुणाभोवती नाही. बाल न्याय कायदा, 2015 उघडून पाहा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे 'किरकोळ' गटात येतात आणि मनगट मोडण्याइतका अपघात त्याच गटात बसतो. अशा प्रकरणात मुलाविरुद्ध एफआयआर सहसा होतच नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. वर्तमानपत्राला त्याचं नाव छापता येत नाही. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने, आणि तेवढ्यातही संपली नाही तर कार्यवाहीच रद्द होते. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, आईवडिलांना दंड भरायला सांगू शकतं. कलम 24 तर स्पष्टच आहे. असा निष्कर्ष निघाला म्हणून पुढे कुठलीही अपात्रता त्या मुलाला चिकटत नाही आणि नोंदीही ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. नोकरीच्या, पासपोर्टच्या, परदेशी विद्यापीठाच्या नावाने घरात जी भीती घातली जाते, तिचा बंदोबस्त कायदा करणाऱ्यांनी आधीच करून ठेवला आहे.

एकच खरी अपात्रता त्याच्या वाट्याला येते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार त्याला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत वाहन परवाना मिळत नाही. कडक आहे, पण पंचवीसपर्यंत बसने फिरून कुणाचं करिअर बुडालेलं ऐकिवात नाही.

उलट खोटं बोललं की काय होतं ते बघा. संरक्षण होतं मुलाला, ते सोडून सगळे मोठे लोक उघड्यावर येतात. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं, पुरावा नाहीसा करणं, हे न्याय संहितेच्या कलम 238 खाली येतं. न्यायाधिकरणापुढे शपथेवर खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा. हे सगळे सज्ञान माणसांचे गुन्हे, त्यांना नाव छापायची बंदी नाही, चार महिन्यांची मुदत नाही, नोंदी नष्ट करण्याची तरतूद नाही. मुलावर लिहिला गेला असता तो एक कागद टाळण्यासाठी वडील, मामा आणि ड्रायव्हर स्वतःवर तीन कागद लिहून घेतात. आणि हे उघडकीला येत नाही या भरवशावर आता राहू नये. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा, किराणा दुकानावर कॅमेरा, वळणावर उभ्या असलेल्या मोटारीत डॅशकॅम. 2022 च्या नियमांनी पोलिसांना अठ्ठेचाळीस तासांत पहिला अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायला लावला आहे. हे वेळापत्रक सगळीकडे पाळलं जातं असा माझा समज नाही. पण विमा कंपनीचा तपासनीस मात्र येतोच, कारण त्याला खोटं सापडलं तर कंपनीचे पैसे वाचतात. त्याच्याएवढा मन लावून काम करणारा सरकारी अंमलदार मी पाहिलेला नाही.

199अ मधली दुसरी बाजू इथे सांगितली पाहिजे, कारण हा कायदा पालकांना खरोखरच धारेवर धरतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला की पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. गाडी पालकाच्या संमतीनेच नेली असं न्यायालयाने गृहीत धरायचं, आणि आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे पालकाने सिद्ध करायचं. मला हे कलम किरकोळ अपघातांसाठी ओबडधोबड वाटतं. दोन माणसं चिरडणाऱ्या मुलाचा बाप आणि आरशाची काच तडकवणाऱ्या मुलाचा बाप यांना ते एकाच तराजूत घालतं आणि फरक करण्याचं काम पूर्णपणे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडतं. शिक्षेचा धाक जितका मोठा, तितका खोटं बोलण्याचा मोह मोठा, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवं होतं. किरकोळ दुखापतीत पालकाने स्वतःहून खरी माहिती दिली आणि भरपाई दिली तर शिक्षा दंडापुरती राहील, अशी एखादी पायरी या कलमात असती तर बऱ्याच केसपेपरांवर 'पाय घसरून' लिहिलं गेलं नसतं. पण ती पायरी नाही म्हणून खोटं बोलणं शहाणपणाचं ठरत नाही.

पुण्याची आठवण निघाल्याशिवाय या विषयावर कुणाला बोलताच येत नाही. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं आणि दोघेही गेले. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि त्या निबंधावरून देशभर संताप झाला. तो संताप रास्त होता. पण त्या प्रकरणात मला निबंधापेक्षा भयंकर वाटतात ते पुढचे आरोप : कुटुंबाच्या ड्रायव्हरने दोष स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा, आणि मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा. त्यांचा निवाडा न्यायालय करील. माझा मुद्दा इतकाच की तिथे जे कोट्यवधींच्या घरात केल्याचा आरोप आहे, त्याचीच स्वस्त आवृत्ती आपल्या कॉलनीत दर महिन्याला निघते. ड्रायव्हरऐवजी वडील उभे राहतात आणि रक्ताच्या बाटलीऐवजी केसपेपर बदलतो. पोर्शेवर चिडलेला माणूस स्वतःच्या घरात हेच करताना अजिबात बिचकत नाही, कारण त्याची गाडी छोटी असते.

आणि निबंधाचीही एक बाजू राहून गेली. दोन जीव गेले तिथे निबंध ही थट्टा होती. पण मनगट मोडल्याच्या प्रकरणात मुलाला पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर चौकात उभं करणं, जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात बसवणं, ज्या बाईंना लागलं त्यांच्या फिजिओथेरपीला सोबत पाठवणं, यापेक्षा शहाणी शिक्षा कोणती? कायद्यात असल्या आदेशांची सोय मुद्दाम केली आहे. पुण्यातल्या रागाच्या भरात आपण ही सोयच हास्यास्पद ठरवून बसलो, आणि त्याचा तोटा खऱ्या किरकोळ प्रकरणांतल्या मुलांना होणार आहे.

'वकिलाने भरवलंय' या वाक्याकडे परत येतो. बोगस अपघात दावे होतात, नाकारण्यात अर्थ नाही. उत्तर प्रदेशात त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. आपल्याकडेही भलतीच गाडी गोवणं, जुनी दुखापत नव्या अपघातात घालणं चालतं. पण खरा अर्जदार आणि खोटा अर्जदार ओळखण्याची जागा न्यायाधिकरणच आहे. तिथे एक्स-रेची तारीख, केसपेपर, पंचनामा, डॉक्टरची साक्ष सगळं तपासलं जातं. समोरच्याचीही चूक होती असं म्हणायचं असेल तर तेही तिथे म्हणता येतं, आणि ती चूक जितके टक्के ठरेल तितकी भरपाई कमी होते. बाई रस्त्याच्या आत येऊन बसल्या होत्या? सांगा. पण आधी स्वतःच्या हाताने केसपेपरवर खोटं लिहवून घेतलेल्या माणसाने समोरच्याच्या खोटेपणावर बोट ठेवायचं म्हणजे फारच झालं. शिवाय त्या 'पाय घसरून'चा परिणाम बघा : ज्या बाईंना खरोखर लागलं, त्यांचाच दावा त्या दोन शब्दांमुळे संशयास्पद होतो. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तोच कागद त्यांच्यासमोर धरतो.

वडिलांनी मग नेमकं काय करावं? फार काही अवघड नाही. नोटीस आली की तारखेला हजर राहावं. कित्येक मालक 'विमा आहे ना, कंपनी बघेल' म्हणून जातच नाहीत. मग त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो आणि कंपनीने 'चालकाकडे परवाना नव्हता' म्हटलं तर खोडून काढायला कुणी नसतं. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, परवाना असेल, तर एवढ्याच आळसापायी वसुली गळ्यात पडू शकते. आर.सी., विमापत्र, परवाना दाखल करा. शिकाऊ परवाना असेल तर तोही दाखल करा, कारण शिकाऊ परवाना हाही परवानाच, असं त्या 2004 च्या निकालात म्हटलेलं आहे. मात्र शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि गाडीवर लाल 'एल' हवा होता. मुलगा अल्पवयीन असेल तर तेही लेखी कैफियतीत सरळ लिहा आणि आपल्याला किती भरता येईल ते वकिलाला स्पष्ट सांगा. कारण यानंतर जो रस्ता उघडतो तो लोक अदालतीचा आहे आणि तो खऱ्या अर्थाने 'मिटवण्याचा' रस्ता आहे. तिथे झालेली तडजोड हा निवाडा असतो, त्यावर अपील नसतं, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या बाईंना उद्या कुणी 'तू सही केली होतीस' म्हणून फसवू शकत नाही. कार्यकर्त्याला घेऊन झोपडीत जाऊन केलेली तडजोड आणि न्यायाधीशांसमोर केलेली तडजोड यांत रक्कम कदाचित दहा-वीस हजारांनी वेगळी असेल. फौजदारी बाजू मात्र अशी सहज मिटत नाही. बेदरकारपणे गाडी चालवण्याचा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही, हे कार्यकर्ता सांगत नाही.

कुणी म्हणेल, सोळा-सतरा वर्षांच्या पोराला चावी द्यायचीच कशाला, तिथेच सगळं संपतं. बोलायला सोपं आहे. अकरावीला प्रवेश होतो सोळाव्या वर्षी, परवाना मिळतो अठराव्या. सोळाव्या वर्षी कायदा फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा देतो आणि तसली दुचाकी आता शोरूममध्ये शोधूनही सापडत नाही. मधली दोन वर्षं सकाळी सहाचा क्लास, आठचं कॉलेज, दुपारी पुन्हा क्लास, आणि बस कधी येईल याचा पत्ता नाही. कनिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या गाड्यांना बंदी असते, म्हणून शेजारच्या गल्लीत, सोसायटीच्या भिंतीला लागून, सकाळी सात वाजता स्कूटरांची रांग लागते. मुख्याध्यापकांना ती दिसते, वाहतूक हवालदाराला दिसते, क्लासवाल्यांना दिसते. सगळ्यांनी मिळून पाळलेलं एक गुपित आहे ते. अपघात झाला की त्यातले बाकी सगळे बाजूला होतात आणि एकट्या वडिलांना 199अ ला तोंड द्यावं लागतं. महापालिकांनी क्लासच्या वेळांना जोडून बस सोडणं हा अपघात टाळण्याचा उपाय आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. आपली परिवहन समिती आणि आपला शिक्षण विभाग एका इमारतीत असले तरी एकमेकांच्या मजल्यावर जात नाहीत.

या सगळ्यात मुलगा कुठे आहे? बैठक भरली तेव्हा त्याला आतल्या खोलीत पाठवलं होतं. तो ऐकत होता. त्याला त्या दिवशी गाडीबद्दल काही कळलं नाही. वडील शपथेवर काय बोलायला तयार आहेत आणि बाईंच्या मनगटाचा भाव किती, हे कळलं. ज्या घरांत मुलाला नोटीस वाचायला दिली गेली, न्यायाधिकरणात तारखेला सोबत नेलं गेलं, त्याच्या खात्यातले वाढदिवसाचे पैसे भरपाईत घातले गेले, त्या घरांतली मुलं मोडलेली मी पाहिलेली नाहीत. तो बाहेरच्या बाकावर दोन तास बसतो, आपल्या आधीच्या दाव्यात पाय गेलेला माणूस कुबड्यांवर आत जाताना पाहतो, पुकारा होतो तेव्हा दचकतो. तेवढं शिक्षण कुठलाही क्लास देत नाही. आई म्हणते, त्याच्यावर परिणाम होईल. होऊ द्या की. परिणाम व्हावा म्हणूनच तर न्यायव्यवस्था आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती हेही कोर्ट टाळण्याचं एक कारण सांगितलं जातं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्री आणि बालक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे मेथी विकणाऱ्या त्या बाई आणि चावी उचलणारा तो मुलगा, दोघंही एकाच खिडकीवर अर्ज करू शकतात.